तिसरी पास होईपर्यंत

शुक्रवार पेठ, सोलापूर
१८ जून १९७४

दाक्षायणी,

तुझ्या नावामागे सौ. लिहायला हवं हे मला कळतं. हात ते लिहीत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं. आशीर्वाद तिकडच्या सासूनं दिला असेल, तो पुरे.

तुझं पत्र शनिवारी आलं. या खेपेला वाचायला गुरप्पा भावजींना बोलावलं नाही. माझं मीच वाचलं. दोन दिवस लागले, पण वाचलं. तेव्हा इथून पुढं जपून लिही. भावजी वाचताना मधल्या दोन-तीन ओळी गिळायचे, असा मला संशय होता. मी काही गिळणार नाही.

सुनेला प्रश्न पडेल की म्हातारी हे कधी शिकली. रुद्राणी पहिलीत गेली तेव्हापासून. ती उंबऱ्यात बसून पुस्तकावर बोट ठेवून मोठ्यानं वाचायची आणि मी समोर ज्वारी निवडायची. तिचं बोट जिथं, तिथं माझा डोळा. तू चुलीपाशी असायचीस, तुला दिसलं नाही. शिवयोगीला दिसलं होतं. तो हसला नाही. साखर-गुळाच्या पुड्यांचे कागद तो तळहातानं सरळ करून माझ्यापुढं ठेवायला लागला, एवढंच. पहिलीचं पुस्तक माझा मुलगा असताना झालं. दुसरीचं तो गेल्यावर. आता मी आणि तुझी मुलगी, दोघी तिसरीत आहोत.

शाळा काल सुरू झाली. भाषेचं, गणिताचं, भूगोलाचं आणि विज्ञानाचं अशी चार पुस्तकं आहेत. इतिहास बाई तोंडी सांगतात. शिवाय टकळीवर सूत काढणं आणि कवायत.

"ठरल्याची आठवण असू द्या," असं तू लिहिलंस. मला आठवण आहे. तुला नसेल तर मी करून देते. आपल्यात विधवेनं उडकी करून दुसरं घर धरलं, की पहिल्या घरचं लेकरू पहिल्या घरीच राहतं. तुझ्या आईला हा रिवाज ठाऊक होता, तुलाही होता. तू मठात स्वामींपुढं रडलीस म्हणून त्यांनी वाट काढली. भावजींनी मला विचारलं, "वहिनी, तुमीच सांगा, पोरीला कुटवर ठिवता?" मी म्हणाले, तिसरी पास होईपर्यंत. शिवयोगी म्हणायचा, तिसरी झाली की माणूस आपलं आपण वाचून निभावतं. स्वामींनी ते मानलं. तिसरी पास झाली की रुद्राणी मोडनिंबला तुझ्याकडे. तोवर तू दिवाळीला एकदा येऊन भेटायचं, आणि पत्र लिहायचं ते मला, मुलीला नाही.

मी शब्दाला पक्की आहे. शिवयोगीसाठी तू एक वर्ष थांबली होतीस. तेवढंच तिच्यासाठी थांब.

काशम्मा


२५ ऑगस्ट १९७४

दाक्षायणी,

फ्रॉकचं कापड मिळालं. ते मी शेजारच्या सुगराबीच्या मुलीला, सायराबानूला दिलं. सुगराबीनं विड्या वळायच्या थांबवून एका दिवसात शिवला. रुद्राणीनं तो तिच्या अंगावर बघितला आणि छान आहे म्हणाली. कुणी पाठवला ते मी सांगितलं नाही.

अभ्यासाचं विचारलंस. पाढे वीसपर्यंत झाले. भागाकार चालू आहेत. बाकी उरते ती मग कुठं जाते, असं तिनं बाईंना विचारलं. बाई घरी सांगायला आल्या होत्या. विजयमालाबाई नाव त्यांचं, नव्या आहेत, मुलांवर फार जीव टाकतात.

भूगोलात या वर्षी आपला जिल्हा आहे. नद्या, पिकं, हातमाग, तालुके. नकाशा काढून प्रत्येक तालुका निराळ्या रंगानं भरायचा होता. माढ्याला तिनं पिवळा दिला. मग मला विचारलं, यात मोडनिंब कुठं? पुस्तकातल्या नकाशात मोडनिंबला टिंब नाही. मी म्हणाले, पुस्तकात नाही म्हणजे गाव एवढं मोठं नसणार. ती बराच वेळ त्या पिवळ्याकडं बघत होती. "मग अव्वा कुटं ऱ्हाते?" मी म्हणाले, ते तिसरी पास झाल्यावर कळतं.

इतिहासाच्या गोष्टींमध्ये आया फार असतात. मुलांना घडवणाऱ्या, तलवार हातात देणाऱ्या. बाईंनी वर्गात एकेकाला विचारलं, तुझ्या आईनं तुला काय शिकवलं. रुद्राणी म्हणाली, वेणी घालायला. खरं आहे ते. तू दुपारी तिला समोर बसवून तीन पेडांची वेणी शिकवायचीस. तिच्या केसांत उवा झाल्या होत्या, म्हणून मागच्या सोमवारी मी ते कानाबरोबर कापून घेतले.

काशम्मा


२० नोव्हेंबर १९७४

दाक्षायणी,

दिवाळीत तू आलीस तेव्हा मी तुझ्याशी चार शब्दसुद्धा बोलले नाही, असं तू लिहितेस. ठरलं होतं ते भेटण्याचं, बोलण्याचं नव्हतं. ते इथं लिहिते.

तुम्ही दोघी ओसरीवर बसला होता. मी आत शेंगांची चटणी कुटत होते. तिनं तुला भाषेचा धडा वाचून दाखवला, अडली तिथं तू सांगितलंस. मग तिनं तुला भागाकार घातला आणि तू मुद्दाम चुकलीस. ती एवढी हसली की मी मुसळ धरून थांबले. मी थांबले तशा तुम्ही गप्प झालात. मी पुन्हा कुटायला लागले तशा पुन्हा बोलायला लागलात. मी ऐकलं. तुम्ही बोटांवर महिने मोजत होता. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. एप्रिलला तिचा हात भरला. "एक हात पुरला की अव्वा," असं ती म्हणाली. अशा आवाजात ती माझ्याशी कधी बोललेली नाही.

सहामाहीत वर्गात दुसरी आली. बाई म्हणतात चौथीत स्कॉलरशिपला बसवा. मी म्हणाले, चौथीचं तिची आई बघेल.

तू एस.टी.त बसून गेलीस त्यानंतर दोन दिवसांनी तिनं मला एक प्रश्न विचारला. मी त्याला उत्तर दिलं नाही. एवढंच.

काशम्मा


८ फेब्रुवारी १९७५

दाक्षायणी,

कळवायला उशीर झाला. मला खोकला होता, रुद्राणी शाळेतून आली की माझ्यापासून हलत नाही. सुंठेचा काढा करायला शिकली.

विज्ञानात बी कसं रुजतं ते आहे. ओल्या फडक्यात वाल बांधून ठेवायचे आणि रोज उघडून बघायचे. तिचे चांगले रुजले.

गणितात मात्र कच्ची झाली आहे. शुद्धलेखनही घसरलं. बाईंनी बोलावून विचारलं, घरी कुणी अभ्यास घेतं का. मी अडाणी बाई, काय सांगणार. त्या म्हणाल्या, दिवाळीनंतर पोरीचं लक्ष उडालं. दिवाळीत काय झालं ते तुला ठाऊक आहे, तेव्हा तूच विचार कर.

काशम्मा


२ मे १९७५

दाक्षायणी,

तिसरीचा निकाल परवा लागला. रुद्राणी नापास झाली. गणितात अकरा गुण, भाषेत वीस, भूगोलात नकाशा कोरा दिला. चित्रकला आणि टकळीत चांगले आहेत, पण त्यावर वर घालत नाहीत.

पास झाली असती तर ठरल्याप्रमाणे पाठवली असती. तू पत्र्याची नवी पेटी घेऊन ठेवली आहेस असं भावजींकडून कळलं. ती ठेव, खराब होत नाही.

नापास झाल्याचं तिला वाईट वाटलं नाही. निकाल घेऊन ती गल्लीतून पळत आली आणि माझ्या कमरेला मिठी मारून हसत सुटली. सुगराबी दारातून बघत होती. पोट्टी पास झाली काय, असं तिनं विचारलं. नापास झाल्याचं सांगितल्यावर तिनं आधी पोरीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

काशम्मा


१४ जुलै १९७५

दाक्षायणी,

तुझं पत्र चारदा वाचलं. नीट समजावं म्हणून. मी मुलीला मुद्दाम शाळेतून काढून घरी बसवलं, पाटी फोडली, उपाशी ठेवलं, असं जे तू लिहिलं आहेस त्यातलं काहीही मी केलेलं नाही. भावजी तुझ्या सांगण्यावरून येऊन गेले. त्यांनी हजेरी बघितली, वह्या बघितल्या. वर्षात तीन दिवस गैरहजर. त्यांनी रुद्राणीलाच विचारलं, आज्जी अभ्यास करू देत नाही काय. ती म्हणाली, देते. मारते काय? नाही. मग नापास कशी झालीस? ती खाली बघत म्हणाली, येत न्हाय मला. भावजी हात झटकून गेले. स्वामींनाही कळवलं आहे. स्वामी म्हणाले, पास होऊ दे, मग बघू.

यंदा ती शेवटच्या बाकावर बसते. पुढं सगळी लहान पोरं. कवायतीत तिची मान सगळ्यांच्या वर दिसते. एका पोरानं तिला मावशी अशी हाक मारली, तर सगळा वर्ग तेच म्हणायला लागला.

तुला दिवस गेलेत हे तू शेवटच्या ओळीत लिहिलंस. ते पहिल्या ओळीत लिहायला हरकत नव्हती. आता तुला एक होईल. माझं एकच होतं, ते मातीत आहे. त्यानं मागं ठेवलेलं एक आहे, ते तुला हवं आहे. तू मला लोभी म्हणतेस.

काशम्मा


११ जानेवारी १९७६

दाक्षायणी,

मुलगा झाल्याचं कार्ड मिळालं. तुझ्या मालकांना, बसवराजांना सांग, बाळ सुखात राहो. हे मी मनापासून लिहिते.

हे पत्र लिहायला बसून तिसरा दिवस. जे लिहायचं आहे ते वाचून तू काय करशील मला माहीत नाही. भावजींना दाखवलंस तरी चालेल.

मागच्या मंगळवारी विजयमालाबाई घरी आल्या. सहामाहीच्या गणिताचा पेपर त्यांनी माझ्यासमोर पसरला. मला वाचता येतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. बोट ठेवून म्हणाल्या, "आजी, हे बघा. वीस भागाकार आहेत. वीसही चूक. पण प्रत्येकाची बाकी बरोबर एकानं जास्त लिहिली आहे. ज्याला येत नाही तो कसाही चुकतो. इतकं सारखं चुकायला सगळं यावं लागतं." मी तपासलं. मला आता भागाकार येतात. बाई म्हणतात तसंच होतं.

चौऱ्याहत्तरच्या दिवाळीत तू येऊन गेल्यावर तिनं मला जे विचारलं होतं, ते आता लिहिते. ती भाकरीच्या परातीपाशी बसली होती. म्हणाली, "आज्जी, मी पैली पास झाले आन् आप्पा गेले. दुसरी पास झाले आन् अव्वा गेली. तिसरी पास झाले की तू जाशील?"

तिनं जुळवलं ते चूक म्हणता येत नाही. पहिलीचा निकाल घेऊन ती घरी आली तेव्हा शिवयोगी काविळीनं पडला होता. त्यानं पडूनच निकाल वाचला, चौथ्या दिवशी आपण त्याला माती दिली. दुसरीचा निकाल लागला आणि त्याच आठवड्यात तुझी उडकी. तिनं दोन गणितं मांडली होती आणि तिसऱ्याचं उत्तर मला विचारत होती.

मी फक्त नाही एवढंच म्हणायला हवं होतं. वेडी आहेस, असं म्हणून पाठीत एक धपाटा घातला असता तरी ती विसरली असती. तुम्ही दोघींनी बोटांवर मोजलेले महिने माझ्या कानात होते. मी गप्प बसले. भाकरी थापत राहिले. तिनं पुन्हा विचारलं, तेव्हा मी म्हणाले, "तूच बघ."

बस, एवढं केलं. पाटी फोडली नाही, मारलं नाही, एकही अक्षर चुकीचं शिकवलं नाही. त्यानंतर खोकला आला तेव्हा मी तो थोडा जास्त खोकले. हेही लिहून टाकते.

गेल्या वर्षी निकाल घेऊन ती हसत का आली, ते आता तुला कळलं असेल. तिनं मला वाचवलं होतं.

मला वाटलं होतं एक वर्ष मिळेल, मग पुढचं पुढं. पण तिनं चुकणं आता शाळेपुरतं ठेवलेलं नाही. दुकानाची पाटी मी वाचायला सांगितली तर उलटी वाचते. नळावर कुणी नाव विचारलं तर स्वतःचं नाव सायराबानू सांगते. भाषेचं पुस्तक उघडत नाही. पूर्वी ती वाचायची आणि मी ऐकायची, आता मी मोठ्यानं वाचते आणि ती कान झाकून घेते, न जाणो चुकून काही लक्षात राहील. तिसरीचं सगळं पुस्तक माझं मी वाचून संपवलं. परीक्षा असती तर मी पास झाले असते. परवा सुगराबी तोंडावर म्हणाली, "काशम्मा, बच्चीला खाऊन टाकली की गं तू."

मी तिला जवळ घेऊन सांगितलं, पास झालं म्हणून कुणी मरत नाही. ती म्हणाली, "तवा का न्हाय सांगितलंस?" मी म्हणाले, वर्गातली चाळीस मुलं पास होतात, त्यांच्या आज्ज्या मरतात काय? तिनं विचार केला. म्हणाली, "त्यांचे आप्पा पण न्हाय मेले."

तेव्हा तू ये. पास व्हायची वाट बघू नको. माझा शब्द मी मागे घेते, स्वामींना मी सांगेन. आहे तशी घेऊन जा. आईपाशी गेली, मी इथं जिवंत आहे हे तिला दिसत राहिलं, की हळूहळू सुटेल.

काशम्मा


८ फेब्रुवारी १९७६

दाक्षायणी,

तुझं कार्ड मिळालं. माझ्या चार पानांना तीन ओळी. "बाळ अंगावर आहे. नापास झालेली पोर आणली तर घरचे मला बोलतील. तुमचाच शब्द आहे अत्ती, तिसरी पास झाली की पाठवा."

कार्डावर लिहिलंस म्हणजे टपालवाल्यानंही वाचलं.

पहिल्यांदा मला वाटलं हे बसवराजांनी सांगून लिहवून घेतलं. पण अक्षर एका दमात लिहिलेलं आहे, कुठं थांबलेलं नाही. दीड वर्ष मी तुला जे देत आले ते तू परत पाठवलंस. त्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त हे तू मला पाठवलंस आणि लागणार आहे ते तिला.

ठीक आहे. पास करून पाठवते.

काशम्मा


९ मे १९७६

दाक्षायणी,

सगळं क्रमानं लिहिते, कारण ती तुला काही सांगेल असं वाटत नाही.

तुझं कार्ड मी तिला वाचून दाखवलं. मोठी माणसं असं दाखवत नाहीत, पण माझ्याकडं दुसरं काही उरलं नव्हतं. ती टकळी फिरवत होती. ऐकून झाल्यावर तिनं कार्ड मागून घेतलं आणि स्वतः वाचलं. वर्षभरानं मी तिला वाचताना बघितलं, ओठ न हलवता. मग विचारलं, "पास न्हाय झाले तर अव्वा नेणार न्हाय?" मी म्हणाले, नाही. "कवाच न्हाय?" मी म्हणाले, तिच्याकडं आता बाळ आहे.

दोन दिवस ती सूत काढत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी म्हणाली, "आज्जी, तुला आप्पांच्या शेजारी ठिवतील काय?" मी म्हणाले, जागा आहे तिथं. "त्यांच्यावानी बसवून?" हो, आपल्यात बसवूनच माती देतात. "हातात लिंग दिऊन?" हो. "मग तुला एकटीला भ्या वाटणार न्हाय," असं ती म्हणाली आणि उठून गणिताचं पुस्तक घेऊन आली. त्या दिवसापासून तिची बाकी बरोबर यायला लागली.

तिनं तुला निवडलं, दाक्षायणी. मला मेलेली धरून निवडलं. हे तुला कळावं.

अडीच महिने तिनं मला एका कामाला हात लावू दिला नाही. पाणी भरलं, ज्वारी निवडली, माझे पाय चेपले. संध्याकाळी बाईंकडं जाऊन राहिलेला अभ्यास केला. माझ्याशी फार चांगलं वागली. आजारी माणसाशी वागतात तसं.

तीस तारखेला निकाल लागला. वर्गात पहिली आली. बाई रडल्या. रुद्राणी चालत घरी आली. हातपाय धुतले, देवळीतला भस्माचा गोळा घेऊन माझ्या कपाळाला तीन बोटं लावली आणि निकाल माझ्या हातात देऊन समोर बसली. मी वाचत होते, ती माझ्या छातीकडं बघत होती. खाली-वर होते का ते.

आप्पा चौथ्या दिवशी गेले होते, म्हणून ती चार दिवस थांबली. खेळायला गेली नाही. दुपारी मी आडवी झाले तर नाकापाशी बोट धरायची. सुगराबीनं शीरखुर्मा पाठवला तो तिनं झाकून ठेवला. मी तिला म्हणाले, अगं मी बरी आहे. ती म्हणाली, "आप्पा पण बोलत होते." चौथ्या दिवशी तिनं माझी धुतलेली साडी काढून घडी करून उशाशी ठेवली. कुणी सांगितलं नव्हतं. शिवयोगीच्या वेळी तिनं बघितलं असणार.

पाचव्या दिवशी सकाळी मी भाकरी करत होते. ती चुलीपाशी येऊन उभी राहिली.

"आज्जी, आज पाचवा दिवस हाय."

"व्हय."

"तू मेली न्हाईस."

"न्हाय बाळ."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा मला वाटलं, सुटली. आनंदानं रडते आहे. मी हात पुसून तिला जवळ घ्यायला पुढं केले. ती एक पाऊल मागं सरली.

"म्हंजे गेल्या साली पण मेली नसतीस."

तिनं तव्यावरची भाकरी स्वतःच्या हातानं उतरवून घेतली, बसून पूर्ण खाल्ली. ताट धुतलं. फडक्यात दोन फ्रॉक आणि वह्या बांधल्या आणि एकटी चालत गुरप्पा भावजींच्या घरी गेली. तिथं गेल्यावर म्हणाली, मला मोडनिंबला पोचवा. तेव्हापासून तिथंच आहे. मी दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा ती आतल्या खोलीत गेली. दुसऱ्यांदा गेली नाही. समोर बसून माझं सगळं ऐकून घेतलं. मी उठले तेव्हा भावजींच्या सुनेला म्हणाली, काकू, त्यांना चहा द्या. माझ्याबद्दल बोलताना ती आजवर कधी 'त्यांना' असं म्हणाली नव्हती.

तुझं कार्ड तिच्याजवळ आहे. वहीच्या कव्हरात घालून ठेवलंय. काढून घ्यायचा मी प्रयत्न केला नाही, तूही करू नको.

बुधवारी भावजी तिला घेऊन निघतात. गाडी दुपारी दोनला मोडनिंबला पोचते. बाळ झोपलेलं असो की रडत असो, दोनच्या आधी थांब्यावर येऊन उभी राहा. अव्वा दोनला थांब्यावर असेल, असं भावजींनी तिला सांगितलं आहे. तिला घड्याळ कळतं.

काशम्मा